ग्रीन कार्ड खिशात, मत कुठे?

भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या आयुध कारखान्यात, दीपनगरच्या वीज केंद्रात ज्यांच्या बापांनी नोकऱ्या केल्या, त्यांची मुले शिकली, इंजिनिअर झाली आणि त्यातली काही अमेरिकेत जाऊन पोहोचली. धुळे, शिरपूर, बांभोरी येथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींचीही तीच वाट आहे. एका पिढीने पाटी-पेन्सिल हातात घेतली आणि तिसरी पिढी समुद्रापार गेली, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. मात्र या प्रवासाचा पुढचा टप्पा आता आपल्या दारात आला आहे. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आई-बाबांचे ग्रीन कार्ड केले, आई-बाबा सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे राहू लागले आणि पाहता पाहता कार्डाची दहा वर्षांची मुदत संपत आली. जळगाव आणि धुळ्याच्या न्यायालयाच्या आवारात आम्हाला हल्ली हा प्रश्न वारंवार विचारला जातो, 'वकीलसाहेब, कार्ड रिन्यू करायचे की तिकडचे नागरिकत्व घ्यायचे?'

आम्ही भारतीय वकील आहोत. अमेरिकी कायद्याची वकिली करण्याचा परवाना आम्हाला नाही. तिकडच्या अर्जाबाबत सल्ला तिकडच्या परवानाधारक वकिलानेच द्यावा, हे आम्ही प्रत्येकाला प्रथम सांगतो. परंतु या प्रश्नाच्या तळाशी आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आपण कोणत्या देशाचे नागरिक आहोत आणि आपले मत कोठे आहे? याचे उत्तर एजंटाकडे मिळत नाही. ते आपले आपणच शोधावे लागते.

प्रथम कार्डाविषयी. ग्रीन कार्ड हा अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. साधारणपणे ते दहा वर्षांचे असते. मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत 'आय-९०' हा अर्ज भरून नवे कार्ड मागता येते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे त्याची फी ऑनलाइन अर्जाला ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर अशी ठरली. सप्टेंबर २०२४ पासून अर्जाच्या पावतीसोबत जुन्या कार्डाची मुदत ३६ महिने वाढवून देण्याची पद्धत सुरू झाली. खुद्द अर्जाचा नमुना फुकट मिळतो. ठसे आणि फोटो देण्यासाठी अमेरिकेतच हजर राहावे लागते. म्हणून जळगावच्या घरी बसून मुदत संपू द्यायची आणि मग धावाधाव करायची, ही सवय येथे महागात पडते.

लग्न करून तिकडे गेलेल्या लेकींसाठी एक वेगळी सूचना आहे. ग्रीन कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचे मिळते. ते नुसते रिन्यू होत नाही. मुदतीच्या शेवटच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून 'आय-७५१' हा अर्ज देऊन त्यावरची अट काढून घ्यावी लागते. नवरा मारहाण करीत असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर बाईला एकटीनेही अर्ज करण्याची सोय त्या कायद्यात आहे. 'मी सही केली नाही तर तुला परत जावे लागेल' या धमकीखाली कोणत्याही मुलीने मुकाट्याने दिवस काढू नयेत. मुलीच्या आईबापांनी हे पाठवणीच्या आधी समजून घ्यावे.

आता जी गोष्ट आपल्याकडे सर्वांत कमी समजली आहे ती सांगतो. कार्डाची मुदत वेगळी आणि कायम रहिवासी हा दर्जा वेगळा. कार्ड जुने झाल्याने दर्जा आपोआप जात नाही. उलट, कार्डावर आठ वर्षे शिल्लक असतानाही दर्जा गमावता येतो. कारण तो तेथे राहण्यासाठी दिलेला आहे, तेथे भेट देण्यासाठी नव्हे. १८० दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर राहून परतणाऱ्याला विमानतळावर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखे तपासले जाऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ कार्ड दाखवून आत जाता येत नाही. गावी जास्त राहणे अटळ असेल, घरात आजारपण असेल, तर निघण्यापूर्वी अमेरिकेतूनच पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. हा परवाना साधारण दोन वर्षांपर्यंतचा असतो. तोही नसेल आणि वर्ष उलटले असेल, तर मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाच्या व्हिसाची मागणी करावी लागते. त्यासाठी राहण्याला आपल्या हाताबाहेरचे कारण होते हे पुराव्याने दाखवावे लागते. 'नातेवाइकांची लग्ने होती' हे कारण तेथे चालणार नाही.

आयकराचेही तसेच आहे. ग्रीन कार्डधारकाने जगभरातील उत्पन्न तिकडच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. रेल्वेचे पेन्शन भुसावळच्या बँकेत जमा होते म्हणून ते तेथे सांगायचे नाही, हा समज चुकीचा आहे. कर वाचावा म्हणून 'मी अनिवासी आहे' असे लिहून देणाराने आपण तेथे राहत नाही हे आपल्याच हाताने लिहून दिलेले असते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात हाच प्रश्न विचारला जातो.

मार्च २०२५ मध्ये वृत्तपत्रांत बातम्या आल्या की, हिवाळा भारतात काढून परतणाऱ्या वृद्ध भारतीय ग्रीन कार्डधारकांवर विमानतळावर 'आय-४०७' या कागदावर सही करण्यासाठी दबाव येत आहे. त्याच महिन्यात अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी ग्रीन कार्डामुळे त्या देशात अनिश्चित काळ राहण्याचा हक्क मिळत नाही, असे जाहीर मुलाखतीत म्हटले. 'आय-४०७' म्हणजे कायम रहिवासी हा दर्जा स्वखुशीने सोडल्याचे लेखी निवेदन. ते स्वखुशीचे असल्याने सही करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. सही नाकारणाऱ्याला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडण्याचा अधिकार आहे. चोवीस तासांच्या प्रवासाने थकलेल्या, इंग्रजी न कळणाऱ्या सत्तरीच्या आईला हे कोणी सांगितलेले असते काय? सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवल्याने काय होते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. कागद विमानतळावरचा आहे आणि इंग्रजीत आहे, म्हणून तो न वाचता सही करण्याजोगा होत नाही.

आता नागरिकत्वाकडे येऊ. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाल्यावर 'एन-४००' हा अर्ज करता येतो. अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन त्याच्यासोबत राहणाऱ्याला तीन वर्षे पुरतात. अर्ज नव्वद दिवस आधीही देता येतो. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. सहा महिन्यांहून लांबलेली एखादी भारतभेट सलग वास्तव्य तुटल्याची शंका निर्माण करते आणि वर्षाची भेट ते तोडते. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात याची फी ऑनलाइन ७१० डॉलर आहे आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला सवलत आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणारांसाठी इतिहास व राज्यव्यवस्थेची परीक्षा बदलली. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात.

इंग्रजीच्या भीतीने अनेक आया मागे राहतात. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे ग्रीन कार्डावर राहिलेल्या, तसेच पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे राहिलेल्या अर्जदाराला इंग्रजीची परीक्षा माफ आहे. दुभाषा घेऊन तो मराठीत उत्तरे देऊ शकतो. पासष्ट वर्षांपुढच्या आणि वीस वर्षे राहिलेल्यांना प्रश्नही मोजक्या यादीतले असतात. पण जी आई पासष्टाव्या वर्षी तेथे गेली, तिला पंधरा वर्षे भरेपर्यंत ऐंशी लागते. म्हणून घरातल्या नातवंडांनी आजीला रोज दोन प्रश्न शिकवावेत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जिने साठाव्या वर्षी सही शिकली, तिला हेही जमते.

हे नागरिकत्व आशियाई माणसाला सहजासहजी मिळालेले नाही. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिक होण्याचा हक्क फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला दिला होता. पंजाबातून गेलेले, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद यांचा दावा १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांचा युक्तिवाद काय होता? आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, आर्य वंशाचे आहोत, म्हणून गोरे आहोत, हा! गोरा अमेरिकन निग्रोशी सोयरीक करीत नाही, तसाच उच्चवर्णीय हिंदू येथील आदिवासींशी करीत नाही, अशीही साक्ष त्यांच्या बाजूने काढण्यात आली. गोऱ्यांच्या पंगतीत बसण्यासाठी जातीची उतरंड प्रमाणपत्र म्हणून सादर केली गेली. याच्या सातच वर्षे आधी, मे १९१६ मध्ये, त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेबांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीची चिकित्सा करणारा निबंध वाचला होता. एकाच काळात एक भारतीय जात दाखवून हक्क मागतो आणि दुसरा जातच खोदून काढतो, हा फरक आपण विसरू नये.

थिंद यांचा दावा फेटाळला गेला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतर अनेक भारतीयांना आधी दिलेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व गेल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली. २ जुलै १९४६ रोजी ल्यूस-सेलर कायद्यावर सही झाली, तेव्हा भारतीयांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. त्याच वाटेने १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. नागरिकत्व मिळाल्यापासून सात वर्षांत मतपेटी आणि मतपेटीतून प्रतिनिधित्व, असा हा क्रम आहे.

आमच्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. ग्रीन कार्डधारक अमेरिकेत कर भरतो, घर घेतो, मुले वाढवतो, परंतु तेथील संघराज्याच्या आणि राज्यांच्या निवडणुकीत त्याला मत नाही. वाहन परवान्याच्या कार्यालयात समोर आलेला मतदार नोंदणीचा नमुना त्याने अनवधानाने भरला आणि मत टाकले, तर तो गुन्हा होतो आणि देशाबाहेर काढले जाण्याची पाळी येऊ शकते. इकडे भारतात तो अजूनही नागरिक आहे. २०१० च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या कलम २०-अ प्रमाणे, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेला प्रवासी भारतीय 'नमुना ६-अ' भरून पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. मतदान मात्र स्वतः केंद्रावर येऊनच करावे लागते. आपल्या किती मुलांनी ही नोंदणी केली आहे? ज्याने तीही केली नाही, त्याला तेथे मत नाही आणि येथेही नाही. बाबासाहेबांनी ज्या एका मताच्या समान मूल्यासाठी संविधान सभेत आयुष्य पणाला लावले, ते मत शिकलेल्या, कमावत्या मुलांनी कपाटात ठेवून द्यावे काय?

मताने काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत २०१० मध्ये अमेरिकी नागरिक झाल्या आणि २०१३ मध्ये सिएटल नगरपरिषदेवर निवडून आल्या. त्यांनी मांडलेल्या ठरावावर २१ फेब्रुवारी २०२३ रोजी मतदान झाले आणि जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे सिएटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक संमत केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले. जात अमेरिकेच्या कंपन्यांत आणि वस्त्यांत पोहोचली आहे. तिच्याविरुद्ध कायदा करायचा की नाही, हे तेथील लोकप्रतिनिधी ठरवतात. लोकप्रतिनिधी मतदाराचे ऐकतो, कार्डधारकाचे कितपत ऐकणार?

याचा अर्थ सर्वांनी उठून तिकडचे नागरिक व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. काय सोडावे लागते तेही नीट पाहिले पाहिजे. संविधान सभेत १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमे मांडताना बाबासाहेबांनी कबूल केले होते की, या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली असेल. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि तो वापरत राहणे गुन्हा आहे. मतदार यादीतले नावही वगळून घ्यावे लागते. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळते. त्याला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, ते खरे नाही. ओसीआय धारकाला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पद मिळत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळालेली ठेवता येते. ज्यांच्या सातबाऱ्यावर बाप-आज्यांनी झगडून मिळवलेली दोन-चार एकर आहे, त्यांनी वारसनोंद वेळेवर करून घ्यावी.

शिक्षणाचा मुद्दा याहून नाजूक आहे. ४ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना 'नीट'सारख्या प्रवेशपरीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या किंवा वाढीव जागांपुरतेच पात्र ठरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्यांपुरताच लागू राहील असा निकाल दिला. आजोबांचा जातीचा दाखला घरात जपून ठेवला आहे म्हणून अमेरिकी नागरिक असलेल्या नातवाला इकडे राखीव जागेवर डॉक्टर करता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. आरक्षण हा या देशाच्या नागरिकाचा हक्क आहे. नातू येथे शिकणार की तेथे, हे नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी घरात बसून ठरवावे.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण आपली माणसे अडतात ती येथेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा बहुतेक ठिकाणी १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधी जन्मलेल्या आपल्या किती आई-बापांची नोंद गावच्या दप्तरात आहे? गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख टाकून दिली आणि निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी झाला. बाईचे माहेरचे नाव एक, लग्नानंतर नाव आणि आडनाव दुसरे. धर्मांतरानंतर काहींनी नाव बदलले, काहींनी आडनाव. शाळेच्या दाखल्यावर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, असा हा गोंधळ असतो. अमेरिकी अर्जात 'वापरलेली इतर सर्व नावे' असा रकाना असतो. त्यात ती सगळी लिहावीत, लपवू नयेत. लपवलेले नाव पुढे खोटेपणा म्हणून समोर येते. जन्माची नोंद नसेल तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवावा. उशिरा नोंद करायची असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याचे आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने या नोंदींची छाननी कडक केली आहे. म्हणून घाईत कोणा एजंटाकडून दाखला विकत घेण्याच्या फंदात पडू नये. तो दाखला इकडे फौजदारी आणि तिकडे हद्दपारी ओढवून आणील.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खान्देशातून समाज जमतो. बाबासाहेब तेथे वकील म्हणून आले होते. तेव्हा त्या दिवशी तेथे कायद्याच्या मदतीचेही एक टेबल लागावे, असे आम्हाला वाटते. त्यावर नमुना ६-अ असावा, नावाच्या दुरुस्तीसाठी राजपत्राची माहिती असावी, जन्मनोंदीची माहिती असावी, आणि दोन-तीन तरुण वकिलांनी तेथे दिवसभर बसावे. जळगावच्या वकीलमित्रांनीही असेच टेबल आपल्याकडे लावावे.

ज्या घरात ग्रीन कार्ड आहे, त्या घराने या आठवड्यात एवढेच करावे. पासपोर्टवरचे शिक्के पाहून गेल्या पाच वर्षांचे दिवस मोजावेत. कार्डावरची तारीख पाहावी. आणि आई-बाबांना समोर बसवून विचारावे, तुम्हाला कोठे राहायचे आहे? म्हातारपण भुसावळला काढायचे असेल, तर कार्डासाठी दर सहा महिन्यांनी त्यांची फरपट करण्यात अर्थ नाही. व्हिजिटर व्हिसावर नातवंडांना भेटता येते आणि येथील मत शाबूत राहते. तिकडेच राहायचे असेल, तर अर्ज करावा, परीक्षा द्यावी, शपथ घ्यावी आणि पहिल्याच निवडणुकीत मतदान करावे. निर्णय कोणताही असो, मतदार यादीत नाव नसलेला माणूस आपल्या घरात राहू नये.